विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि शाळेतली मुलं: इंदूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की इंदूरच्या मराठी घरांतून तेच प्रश्न येऊ लागतात. सुट्टीत मुलांना विज्ञानाचं काही चांगलं मिळेल का, कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल, आणि अर्जाची मुदत संपली तर नाही ना? आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि पालक या प्रश्नांना जमेल तशी उत्तरं देत असतो. ती इथे एकत्र केली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत आणि त्यातले काही मुलांनी स्वतः पाठवलेले आहेत. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून आम्ही फक्त महिना सांगतो. नेमकी तारीख त्या त्या संस्थेच्या सूचनेतच पाहावी.

१. विद्यापीठ किंवा आयआयटी शाळेच्या मुलांना कशाला आत घेईल? आमची मुलगी तर अजून सातवीत आहे.

घेतात, आणि उपकार म्हणून घेत नाहीत. या संस्था लोकांच्या पैशातून चालतात आणि आपलं काम लोकांना समजावून सांगणं हा त्यांच्या जबाबदारीचाच भाग आहे. शिवाय दहा-बारा वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला येणारी मुलं आज सहावी-सातवीतच बसलेली असतात, हे तिथल्या प्राध्यापकांना चांगलं ठाऊक असतं.

या उपक्रमांचे साधारण चार प्रकार पडतात. पहिला म्हणजे खुला दिवस, त्या दिवशी प्रयोगशाळा बघायला मिळते. दुसरं शाळकरी मुलांसाठीचं व्याख्यान. तिसरी एक-दोन दिवसांची कार्यशाळा, जिथे मुलं स्वतः प्रयोग करतात. चौथा प्रकार आठवडाभराच्या किंवा त्याहून मोठ्या उन्हाळी शिबिराचा. सातवीतल्या मुलीला पहिल्या तिन्हींत सहज जाता येतं. चौथ्यासाठी बहुतेक ठिकाणी इयत्तेची अट असते (प्रश्न ४ पाहा).

२. भंवरकुआंला एवढे क्लासेस आहेत. त्यांच्या फाउंडेशन कोर्समध्ये आणि विद्यापीठाच्या शिबिरात फरक काय?

क्लासमध्ये ज्या प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत आहेत ते प्रश्न लवकर सोडवायला शिकवतात. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर ते कौशल्य लागतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. चांगल्या शिबिरात मात्र मुलाला अशा प्रश्नापुढे उभं करतात ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं. तिथे ते मोजून, चुकून, पुन्हा मोजून शोधावं लागतं. हे दुसरं काम शाळेच्या वेळापत्रकात जवळजवळ बसतच नाही, आणि म्हणूनच आम्ही सुट्टीसाठी त्याचा आग्रह धरतो.

एखादं शिबिर या दोन्हींपैकी कुठल्या जातीचं आहे हे ओळखायची एकच खूण आम्ही सांगतो: दिवसातले किती तास मुलाचे स्वतःचे हात कामात आहेत? उत्तर एक तास असेल तर तो क्लासच आहे, मग तो विद्यापीठाच्या इमारतीत का भरेना.

३. इंदूरमध्ये आणि आसपास नक्की कुठे कुठे जाता येतं?

सुरुवात राजेंद्रनगर-राऊच्या बाजूने करू. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला इंदुरात अजूनही सगळे जुन्या नावावरून ‘कॅट’च म्हणतात. अणुऊर्जा विभागाची ही संस्था १९८४ साली सुरू झाली. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कड्यासारख्या मार्गावर प्रचंड वेगाने फिरवणारी यंत्रं. इंडस-१ हे देशातलं पहिलं. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनांना २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा दिली जाते. इतक्या वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन वळवले की ते प्रकाश टाकतात. त्यातला क्ष-किरणांचा भाग वापरून पदार्थाच्या आत अणू कसे रचलेले आहेत ते पाहता येतं. देशभरातले संशोधक आपले नमुने घेऊन त्यासाठी आपल्या इंदुरात येतात, आणि ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र इथे मनात आलं म्हणून जाता येत नाही. पूर्वपरवानगी आणि ओळखपत्र लागतं, मोबाइल आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो. विज्ञान दिनाच्या सुमारास काही सूचना निघते का याकडे शाळेने लक्ष ठेवावं, हा सगळ्यात सोपा मार्ग.

खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आहे. विद्यापीठ १९६४ सालचं. भौतिकी, रसायन, जैवतंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांचे विभाग तिथे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं संयुक्त संशोधन केंद्रही याच परिसरात आहे. तिथे अतिशीत तापमानाला पदार्थ कसे वागतात यावर काम चालतं. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो आणि द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशाला. पाठ्यपुस्तकात वाचलेला हा आकडा वाफाळणाऱ्या भांड्यासमोर उभं राहून ऐकला की मुलाच्या डोक्यात त्याला पहिल्यांदा अर्थ येतो.

त्याच रस्त्याने पुढे सुमारे २५ किलोमीटरवर सिमरोलला आयआयटी इंदूर आहे. २००९ साली सुरू झालेल्या या संस्थेत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि ताऱ्यांची ओढ असलेल्या मुलांनी तिथल्या जाहीर कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं. शहरातच, भंवरकुआंजवळ, होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून उभं आहे. अनेक मराठी घरांतले आजोबा-पणजोबा तिथेच शिकले. त्यामुळे तिथे ओळख काढणं अवघड जात नाही, आणि ती काढायला लाजू नये.

उज्जैनची वेधशाळा विद्यापीठाची नाही, तरी आम्ही ती या यादीत मुद्दाम घालतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. ती मोडकळीला आली होती, तेव्हा माधवराव शिंद्यांनी १९२३ च्या सुमारास तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे अधीक्षक म्हणून काम पाहिलं. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणजे जमिनीशी तिचा कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, २३ अंश १० मिनिटं. सहावीतलं मूलही त्यावर सावली पाहून वेळ वाचू शकतं. नंतर घड्याळाशी फरक का पडला हे त्यालाच शोधू द्या.

धार जिल्ह्यातला नर्मदेच्या खोऱ्याचा भागही लक्षात असू द्या. तिथे डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. भूशास्त्राच्या कुठल्याही सहलीची घोषणा दिसली तर ती सोडू नका.

४. कितव्या इयत्तेपासून पाठवावं?

खुला दिवस आणि आकाशदर्शन पाचवीपासून. हातांनी करायच्या कार्यशाळा सहावी-सातवीपासून. आठवड्याची शिबिरं आठवीपासून, कारण त्यात आम्ल, गॅस, काच, कधी लेझर असतो आणि सूचना तंतोतंत पाळता याव्या लागतात. सरकारी योजनांची अट मात्र इयत्तेवर काटेकोर असते. इस्रोच्या कार्यक्रमाला नववीच लागते (प्रश्न ११), इन्स्पायरच्या शिबिराला अकरावी विज्ञान (प्रश्न १२).

५. वर्षभरात कधी काय असतं? आम्हाला नेहमी उशिरा कळतं.

उशिरा कळतं, कारण सगळे एप्रिलमध्ये चौकशी करतात. उन्हाळ्याच्या कार्यक्रमांची नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्येच होते, म्हणजे नेमकी मुलं परीक्षेत असताना. म्हणून त्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा सूचना बघायचं काम आई-बाबांपैकी एकाने स्वतःकडे घ्यावं.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये रामन परिणाम याच दिवशी जाहीर केला आणि १९८७ पासून हा दिवस साजरा होतो. बहुतेक संस्थांचे खुले कार्यक्रम या तारखेच्या मागेपुढे असतात. एप्रिल-मे-जून हा शिबिरांचा काळ. इन्स्पायर-मानकसाठी (प्रश्न १२) कल्पना पावसाळ्याच्या सुमारास मागवतात. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, नोव्हेंबरमध्ये ऑलिम्पियाडची पहिली पायरी (प्रश्न १३), २२ डिसेंबरला गणित दिन. आकाशदर्शनासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री उत्तम, माळव्याचं आकाश तेव्हा निवळलेलं असतं.

६. शाळा काही कळवतच नाही. अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते, आणि ते म्हणतात “बघू”.

ही तक्रार फार घरांतून येते. बऱ्याचदा शाळेचा विरोध नसतो, ते काम कुणाकडे सोपवलेलंच नसतं. आमचा अनुभव असा की “काहीतरी करा ना सर” म्हणून जाण्यापेक्षा तयारीने गेलेलं बरं. सूचनेची छापील प्रत, भरलेला अर्ज, मुलाचं ओळखपत्र, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि कुठे सही हवी त्या जागी पेन्सिलची खूण. विज्ञानाच्या बाईंना सोबत घ्या. अशी सही पाच मिनिटांत मिळते.

तरीही नाही मिळाली, तर ज्या कार्यक्रमांत पालक स्वतः नाव नोंदवू शकतात तिथे वळा. काही कार्यक्रम मात्र शाळेशिवाय होतच नाहीत, इन्स्पायर-मानक त्यातला एक. तिथे चार-पाच पालकांनी एकत्र जाऊन विनंती केली तर तिचं वजन पडतं.

७. फी किती असते? आणि महागडं खासगी शिबिर म्हणजे चांगलंच असणार ना?

सरकारी संस्थांचे खुले दिवस आणि व्याख्यानं बहुधा मोफत असतात. इस्रो आणि इन्स्पायरच्या शिबिरांचं शुल्क नसतं. विद्यापीठांच्या विभागांनी स्वतः भरवलेल्या कार्यशाळांना थोडं शुल्क असू शकतं, ते साहित्यापुरतं असतं. खासगी शिबिरांचा काही नेम नाही.

महाग म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. पैसे भरण्याआधी आयोजकांना सरळ विचारा: एका उपकरणामागे किती मुलं? शिकवणारे कोण, आणि त्यांनी स्वतः कधी प्रयोगशाळेत काम केलंय का? वेळापत्रक दाखवाल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रयोग फसला तर काय करता? “आमचे प्रयोग फसत नाहीत” असं उत्तर आलं तर तिथे मुलांना तयार खेळ दाखवतात एवढं समजा. “मग मुलांना विचारतो, का फसला असेल” हे उत्तर देणाऱ्याकडे बिनधास्त पाठवा.

८. शाळेतून पत्र आलंय की मुलाची ‘नासा’ सहलीसाठी निवड झाली. काही लाख भरायचे आहेत. भरावे का?

ही सहल खासगी प्रवास कंपनीची असते. फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राचा पर्यटकांसाठीचा भाग तिकीट काढणाऱ्या कुणालाही पाहता येतो, त्यासाठी निवड व्हावी लागत नाही. परवडत असेल आणि सहल म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण मुलाला ही त्याच्या विज्ञानाची पावती आहे असं सांगू नका. आणि कर्ज काढून तर मुळीच नको. नेहमीचं तिकीट काढून कुटुंबाने उज्जैनची वेधशाळा आणि अहमदाबादची सायन्स सिटी पाहिली तरी मुलाच्या पदरात पुष्कळ पडेल.

९. शिबिरात दिवसभर करतात तरी काय?

शिबिरागणिक फरक असतो, पण तीन-चार प्रयोग असे आहेत की ते चांगले झाले तर शिबिर सार्थकी लागलं म्हणावं.

लंबकाचा प्रयोग घ्या. एक मीटर दोरीला बांधलेलं वजन एक पूर्ण हेलकावा साधारण दोन सेकंदांत घेतं, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढता येतं. शाळेत हे सूत्र पाठ असतं. शिबिरात मुलं पहिल्यांदा एकच हेलकावा मोजतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. स्टॉपवॉच दाबायला हाताला सुमारे ०.२ सेकंद उशीर होतो, म्हणजे दोन सेकंदांत दहा टक्क्यांची चूक. मग कुणीतरी सुचवतं की वीस हेलकावे एकत्र मोजू. चूक तेवढीच राहते, पण आता ती ४० सेकंदांवर पसरते, म्हणजे अर्धा टक्का. ही युक्ती शिक्षकाने आधी सांगितली तर मूल ती वहीत लिहून घेतं. तीच त्याला स्वतः सुचली तर पुढे कुठल्याही मोजमापाकडे ते वेगळ्या नजरेने बघतं. चांगला शिक्षक इथे अर्धा तास गप्प बसतो.

दुसरा प्रयोग वर्णपटाचा. जुन्या सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ रेघा असतात. तिचा तुकडा आणि खोक्याला पाडलेली बारीक फट एवढ्यावर वर्णपटदर्शक तयार होतो. त्यातून साधा तारेचा बल्ब पाहिला की सलग रंगपट्टा दिसतो. ट्यूबलाइट पाहिली की वेगवेगळ्या ठळक रेघा दिसतात, कारण आत पाऱ्याची वाफ असते. पांढऱ्या एलईडीत निळा भाग उठून दिसतो. रात्री घरी येऊन मूल गल्लीतले सगळे दिवे तपासत हिंडलं तर त्याला झोपायला पाठवण्याची घाई करू नका. सूर्याकडे मात्र त्यातून थेट कधीही पाहायचं नाही, हे आधीच बजावा.

कांद्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग जवळजवळ सगळीकडे असतो. मीठ, भांड्याचा द्रवसाबण, थंड अल्कोहोल, आणि वर तरंगणारे पांढरे धागे. त्या धाग्यांत प्रथिनंही गुंतलेली असतात, शुद्ध डीएनए नसतो. शिबिरात हे प्रामाणिकपणे सांगतात का, तेवढं मुलाला विचारून पाहा.

१०. मुलगी निवासी शिबिराला जायचं म्हणते. सुरक्षित असतं का?

मुलींची वेगळी निवासव्यवस्था, रात्री हजर असणाऱ्या महिला पर्यवेक्षक, डॉक्टरची सोय आणि घरी फोन करायची ठरलेली वेळ, या चार गोष्टी लेखी विचारून घ्या. चांगली संस्था अशा प्रश्नांनी दुखावत नाही. प्रयोगशाळेत चश्मा, सुती कपडे, बंद बूट आणि बांधलेले केस हवेत. दमा, मिरगी, कशाची ॲलर्जी असेल तर अर्जात लिहा. नाव कापलं जाईल या भीतीने लपवणं धोक्याचं आहे.

नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘विज्ञान ज्योती’ ही वेगळी योजना आहे. ती प्रामुख्याने नवोदय विद्यालयांतून राबवली जाते. शाळेत चौकशी करा.

११. इस्रोच्या ‘युविका’त निवड कशी होते?

युविका, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ साली सुरू झाला. नववीतल्या मुलांसाठी सुट्टीत साधारण दोन आठवड्यांचं निवासी शिबिर इस्रोच्या केंद्रांवर होतं, अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र हे त्यातलं आपल्याला जवळचं. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑनलाइन असते. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान मेळाव्यातला किंवा ऑलिम्पियाडमधला सहभाग, खेळ, स्काउट-एनसीसी अशा गोष्टी मोजल्या जातात. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांना जादा गुण आहेत, तेव्हा सांवेर, देपालपूर, महू तालुक्यांतल्या गावांत राहणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून कळवा. प्रवास, राहणं, जेवण यांचा मुलाचा खर्च इस्रो करते.

जागा थोड्या असतात. निवड झाली नाही तर मूल कमी पडलं असं समजू नये, आणि त्याला तसं वाटू देऊ नये.

१२. इन्स्पायर-मानक आणि इन्स्पायर शिबिर एकच का?

नाही. नाव एका योजनेचं, कामं दोन. मानकमध्ये सहावीपासून पुढची मुलं एखाद्या अडचणीवर स्वतःची कल्पना मांडतात आणि शाळा ती ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर नमुना बनवण्यासाठी १० हजार रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात, त्यामुळे खातं मुलाच्या नावावर हवं. इन्स्पायर शिबिर दहावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलांसाठी. पाच दिवस विद्यापीठात किंवा महाविद्यालयात, वैज्ञानिकांच्या सोबत.

मानकसाठी आंतरजालावरून उचललेली कल्पना पाठवू नका. आजीला देवघरापर्यंत जायला अडचण होते, कचरागाडीचं गाणं वरच्या मजल्यावर ऐकू येत नाही, असल्या घरच्या-गल्लीतल्या अडचणींतून निघालेली साधी कल्पना परीक्षकांना अस्सल वाटते, कारण ती असतेच.

१३. शाळेत दर वर्षी तीन-चार ऑलिम्पियाड होतात. पदकं पण मिळतात. तेच ना हे?

ते नव्हे. शाळेत फी भरून होणाऱ्या बहुतेक परीक्षा खासगी संस्थांच्या असतात. सराव म्हणून ठीक आहेत. ज्यातून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो, ती विज्ञान ऑलिम्पियाडची वाट मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची आहे. तिची पहिली पायरी भारतीय भौतिकी शिक्षक संघटना नोव्हेंबरमध्ये घेते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा, मोठ्यांसाठी भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, खगोलशास्त्र. शेवटच्या टप्प्यांत निवडलेल्यांचं उन्हाळी शिबिर मुंबईत होतं. प्रश्न अवघड असतात, पण पाठांतराचे नसतात. ज्याला एका प्रश्नावर तास घालवायला आवडतं, त्याने नक्की बसावं.

१४. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि शिबिर इंग्रजीत. मुलगा गांगरून जाईल का?

पहिला दिवस जरा जड जातो. पण इंदुरातल्या कार्यशाळांत शिकवणारे हिंदी-इंग्रजी मिसळूनच बोलतात आणि प्रश्न हिंदीत विचारला तर कुणी हसत नाही. खरा अडथळा संज्ञांचा असतो. शाळेत ‘त्वरण’ आणि ‘घनत्व’ ऐकलेल्या मुलाला ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘डेन्सिटी’ हे तेच आहेत हे तिथे चटकन उमगत नाही. शिबिराच्या आधी आठवडाभर रोज थोड्या संज्ञांची जोडी वहीत लिहून घ्या. आणि संध्याकाळी घरी आल्यावर आज काय केलं ते आजीला मराठीत समजावून सांगायला लावा. ज्याला ते जमलं, त्याला विषय कळला.

१५. मार्क सत्तर टक्के. शिवाय मुलगा लाजाळू आहे. पाठवून उपयोग होईल?

गुणांची अट नसलेली शिबिरं निवडा आणि जरूर पाठवा. परीक्षेत मागे राहणारी पण हाताने पंखा दुरुस्त करणारी, तासन्‌तास मुंग्या बघणारी मुलं प्रयोगशाळेत कशी खुलतात हे आम्ही पाहिलंय. लाजाळू मुलासाठी लहान गटाचं शिबिर बरं, आणि ओळखीचा एक मित्र सोबत असला तर आणखी बरं. आयोजकांना आधी सांगून ठेवा, त्याला स्टेजवर ढकलू नका म्हणावं.

१६. मुलाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. रसायनाच्या प्रयोगात त्याला बसू देतील का?

बसू द्यायलाच हवं. ही स्थिती मुलींपेक्षा मुलांत बरीच जास्त आढळते, कारण तिच्याशी संबंधित जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. अनेक शिक्षकांच्या वर्गात असं मूल असतं आणि त्यांना ते माहीत नसतं, इतकंच. अर्जात स्पष्ट लिहा. लिटमस, ज्योत परीक्षा आणि मिथाइल ऑरेंजसारखे सूचक अडचणीचे ठरतात. तिथे पीएच मीटर वापरता येतो किंवा रंग जोडीदाराने सांगायचा आणि बाकीचं मोजमाप याने करायचं. विजेच्या तारांचे रंग ओळखायचे असतील तर मात्र त्याने अंदाजाने जोडणी करू नये.

१७. पुण्याहून भाच्या सुट्टीत आजोळी येतात. त्यांना इथल्या शिबिरात घेतील का?

शाळेमार्फत नोंदणी असलेल्या कार्यक्रमांत सहसा नाही, पालकांनी नोंदवायच्या कार्यशाळांत बहुधा हो. महाराष्ट्रातली शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि मध्य प्रदेशातलं सत्र एप्रिलपासून मोजतात, त्यामुळे अर्जात ‘इयत्ता’ लिहिताना गोंधळ होतो. कितवी उत्तीर्ण झाली ते लिहा. उलट, इथली मुलं सुट्टीत पुण्याला जाणार असतील तर विद्यापीठ परिसरातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञानशोधिका चुकवू नये.

दोन्ही गावांत नातेवाईक असणाऱ्या घरांना आम्ही एक प्रयोग दर वर्षी सुचवतो. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला. त्यामुळे ६-७ जून आणि ५-६ जुलैच्या आसपास सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. जूनमध्ये ही वेळ साधारण १२ वाजून २५ मिनिटांची असते. जुलैत ढग असतात, म्हणून जूनवरच भिस्त ठेवा. त्याच दुपारी पुण्यात एक मीटर उभ्या काठीची सावली सुमारे ७ सेंटीमीटर पडते, आणि तीही दक्षिणेकडे. पुण्याची मध्यान्ह आठेक मिनिटं उशिरा येते, म्हणून तिथे तेवढं थांबून सगळ्यात लहान सावली मोजायची. तिच्यावरून सूर्याचा कोन निघतो, जवळपास ४.२ अंश. दोन गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६७ किलोमीटर. ४.२ अंशाला इतकं, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतं, म्हणजे पृथ्वीचा परीघ. लागतं काय? दोन काठ्या, दोन पट्ट्या आणि एक फोन. कुठल्याही शिबिराची जागा भरली असेल तरी हे कुणी अडवू शकत नाही.

१८. प्रमाणपत्राचा पुढे प्रवेशाला फायदा होतो का?

अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या प्रवेशाला नाही. तिथे परीक्षेचे गुण चालतात. युविकासारख्या निवडीत विज्ञान मेळाव्यातला सहभाग मोजतात, तेवढ्यापुरतं प्रमाणपत्र जपून ठेवा. मुलाने तिथे लिहिलेली वही मात्र त्याहून जास्त जपून ठेवा. पुढे संशोधन संस्थेच्या मुलाखतीला कुणी विचारलंच, तर बोलायला ती उपयोगी पडेल.

१९. बारावीची परीक्षा दिली. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप मिळेल का?

नाही, ती महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी आहे. बारावी आणि पदवीच्या मधली सुट्टी या सगळ्या योजनांच्या फटीत पडते, शाळेचे कार्यक्रम संपलेले आणि महाविद्यालयाचे सुरू न झालेले. या काळात विभागातल्या प्राध्यापकांना नेटकी ईमेल लिहून, काही आठवडे प्रयोगशाळेत बसून पाहू का असं विचारणं हा मार्ग आहे. त्यांचं काम आधी वाचा, आपल्याला त्यातलं काय कळलं ते चार ओळींत लिहा. एकाच मजकुराची ईमेल सगळ्यांना पाठवली तर ती ओळखू येते.

२०. शिबिर संपलं. आठवडाभर उत्साह होता, मग सगळं थंड. पुढे काय करायचं?

शिबिरातल्या एका प्रश्नाला वर्षभराचं काम करून टाका. राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस १९९३ पासून नेमकं हेच मागते: १० ते १७ वर्षांच्या मुलांनी छोटा गट करून आपल्या परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास करावा. इंदुरात विषयांना तोटा नाही. कान्ह नदीचं पाणी पावसाआधी आणि नंतर कसं बदलतं? सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं खत किती दिवसांत होतं, आणि हिवाळ्यात वेळ का जास्त लागतो? एकाच रस्त्यावर झाडाखालचं आणि उन्हातलं तापमान किती वेगळं? दर रविवारी एक तास, एक वही, एक थर्मामीटर. नदीचा नमुना घ्यायला मोठं माणूस सोबत हवंच. शिबिरातल्या शिक्षकांना दोन महिन्यांनी आकडे पाठवा. ते आनंदाने उत्तर देतात, कारण असं पत्र त्यांना क्वचितच येतं.

२१. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एखाद्या वैज्ञानिकाला बोलवायचंय. येतील का?

आधी विचारलं तर पुष्कळदा येतात. किमान दीड महिना आधी विभागप्रमुखांच्या नावे पत्र द्या. श्रोते कितवीतले, किती, कुठल्या भाषेत बोलायचं, प्रोजेक्टर आहे का, हे त्यात लिहा. सिमरोलहून संध्याकाळी येणाऱ्या माणसाच्या जाण्या-येण्याची गाडी मंडळाने करावी. भाषण ४० मिनिटांचंच ठेवा आणि तेवढाच वेळ मुलांच्या प्रश्नांना द्या. पहिल्या रांगेत पाहुणे बसवू नका, मुलं बसवा, आणि पहिले पाच प्रश्न मुलांचेच असतील हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच जाहीर करावं. सत्कार, हार, आभार यांना मिळून दहा मिनिटं पुरतात. आठच्या आरतीआधी संपवायचं असेल तर साडेसहाला सुरू करा.